अस्तर भरून येईपर्यंत

शौचातून रक्त दिसलं की आपल्याकडे पहिलं नाव निघतं ते मूळव्याधीचं. घरातले म्हणतात, शेजारी म्हणतात, कोपऱ्यावरचा मेडिकलवालाही तेच म्हणतो. मग मलम, इसबगोल, तिखट बंद. रक्ताबरोबर आव पडत असेल तर ‘अमिबा झाला’ म्हणून ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची पट्टी आणली जाते. चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. असे महिने निघून जातात आणि माणूस पोटविकारतज्ज्ञाकडे पोचतो तो वजन उतरल्यावर, हिमोग्लोबिन घसरल्यावर. बहुतेकदा ऐन विशी-तिशीतला. ऐरोलीच्या आयटी पार्कात रात्रपाळी करणारा, नाहीतर कोपरखैरण्याहून रोज फोर्टला जाणारा. हा लेख त्याच्यासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे.

मूळव्याधीचं रक्त लालभडक असतं, शौचानंतर थेंब थेंब पडतं, पोट मात्र एरवी ठीक असतं. रक्त शौचात मिसळलेलं असेल, सोबत आव असेल, कळ आली की थांबवता येत नसेल, झोपेतून उठून जावं लागत असेल, ताप येत असेल, सांधे धरत असतील, तर ती मूळव्याध नाही असं धरून चाला. भगंदराचं ऑपरेशन होऊनही ते पुन्हा पुन्हा होत असेल तरीही आतड्याची तपासणी करून घ्या. क्रोन्स नावाचा आजार कित्येकदा भगंदराच्या रूपानेच पहिल्यांदा दिसतो.

इन्फ्लेमेटरी बॉवेल डिसीज, म्हणजे आयबीडी, या नावाखाली मुख्यतः दोन आजार येतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस गुदाशयापासून सुरू होऊन मोठ्या आतड्यात वर चढतो आणि आतल्या अस्तरापुरता राहतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, पण लहान आतड्याचं शेवटचं टोक त्याच्या विशेष आवडीचं. तो आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो, त्यामुळे आतडं अरुंद होतं, भगंदर पडतात. न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ साली त्याचं वर्णन केलं. हा गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे नाही, अशी समजूत डॉक्टरांतही बरीच वर्षं होती. पंजाबात घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत कोलायटिसचं प्रमाण लाखात ४४ च्या आसपास निघालं, ते २००३ साली प्रसिद्ध झालं आणि त्या समजुतीला धक्का बसला. ‘आयबीएस’ ही वेगळी गोष्ट. त्यात पोट बिघडतं, पण आतड्याला सूज किंवा व्रण नसतात. एका अक्षराच्या फरकाने उपचार पूर्ण बदलतात, तेव्हा कागदावर नेमकं काय लिहिलंय ते डॉक्टरांना विचारून घ्या.

आता आत काय घडतं ते नीट पाहू, कारण पुढचा सगळा सल्ला त्यावर उभा आहे.

आतड्याचं अस्तर पेशींच्या एकाच थराचं असतं. अलीकडे आपलं रक्त, पलीकडे जिवाणू. माणसाच्या अंगातल्या जिवाणूंचा आजचा अंदाज ३८ लाख कोटींचा आहे आणि त्यांतले जवळजवळ सगळे मोठ्या आतड्यात असतात. नवी मुंबईकरांनी यासाठी आपल्या होल्डिंग पाँडच्या झडपा आठवाव्यात. ओहोटीला त्या पावसाचं पाणी खाडीत सोडतात, भरतीला मिटतात आणि समुद्राच्या भरतीपातळीखाली वसलेले सेक्टर कोरडे राहतात. गाळ अडकून झडप अर्धवट उघडी राहिली की खाडीचं पाणी आत शिरतं. अस्तराचं कामही असंच दुहेरी आहे: अन्नरस आत घ्यायचा, जिवाणूंना बाहेर ठेवायचं.

त्यासाठी पेशींकडे बरीच तयारी असते. गॉब्लेट पेशी चिकट श्लेष्मा सोडतात. मोठ्या आतड्यात त्याचे दोन थर असतात. बाहेरच्या सैल थरात जिवाणू राहतात, आतला इतका दाट की निरोगी माणसात तिथवर जिवाणू फारसे पोचतच नाहीत. लहान आतड्यातल्या पेनेथ पेशी जिवाणूनाशक प्रथिनं सोडतात. शेजारशेजारच्या पेशी एकमेकींना घट्ट सांधलेल्या असतात. आणि हा सगळा थर दर चार-पाच दिवसांनी नवा होतो, जुन्या पेशी गळून पडतात.

मला यातली सर्वांत विलक्षण वाटते ती पेशींची सहनशीलता. जिवाणू ओळखण्याची साधनं पेशींवर असतात, पण ती मोक्याच्या जागी ठेवलेली असतात. जिवाणूच्या शेपटीतलं प्रथिन ओळखणारं टीएलआर-५ हे ग्राहक मुख्यतः पेशीच्या खालच्या, रक्ताकडच्या बाजूला असतं. वरच्या बाजूने कोट्यवधी जिवाणू गेले तरी पेशी शांत. एखादा अस्तर ओलांडून खाली आला की मात्र गजर. उलट, वर राहणाऱ्या अनेक जिवाणूंशी पेशींची देवाणघेवाण चालते. आपल्याला न पचणारा चोथा ते आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं आणि मोठ्या आतड्याच्या पेशी आपल्या ऊर्जेचा मोठा वाटा त्यातूनच मिळवतात. ते जाळताना पेशी प्राणवायू वापरून टाकतात, त्यामुळे आतड्याची पोकळी प्राणवायूविना राहते आणि प्राणवायू न सोसणारे उपयोगी जिवाणू तिथे टिकतात.

आयबीडीत हा व्यवहार मोडतो. श्लेष्माचा आतला थर विरळ होतो, जिवाणू थेट पेशींना भिडतात. पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन केंद्रकात शिरून धोक्याची जनुकं चालू करतं, पेशी आयएल-८ सोडते आणि त्या हाकेला रक्तातल्या पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, धावून येतात. संसर्ग असता तर त्या काम उरकून गेल्या असत्या. इथे जात नाहीत. टीएनएफसारखी द्रव्यं पेशींमधले सांधे सैल करतात, आणखी जिवाणू आत येतात, गजर आणखी वाढतो. पोकळीत प्राणवायू झिरपू लागतो, तो चालणारे ई. कोलाय वर्गातले जिवाणू फोफावतात आणि फिकॅलिबॅक्टेरियमसारखे ब्युटिरेट बनवणारे मागे पडतात. क्रोन्सच्या काही रुग्णांत पेशींना चिकटून आत शिरणारे ई. कोलायही सापडले आहेत.

सुरुवात कुठून होते, याचं एकच उत्तर नाही. पेशीच्या आत जिवाणूंची खूण ओळखणारं नॉड-२ हे जनुक २००१ साली क्रोन्सशी जोडलं गेलं, पण त्यातले युरोपात आढळणारे बदल भारतीय रुग्णांत क्वचितच दिसतात. फरीदाबादच्या रिजनल सेंटर फॉर बायोटेक्नॉलॉजीत सी. व्ही. श्रीकांत यांच्या गटाने दिल्लीच्या एम्सबरोबर केलेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कामात रुग्णांच्या अस्तरात वेगळीच गोष्ट दिसली. प्रथिनांना सुमो नावाचं छोटं प्रथिन जोडून त्यांचं काम बदलणारी पेशीतली यंत्रणा मंदावलेली होती. म्हणजे आपल्या लोकांत कारणांची गुंफण वेगळी असू शकते. घरपोच जनुक-चाचणी किंवा ‘गट मायक्रोबायोम’ची चाचणी विकणाऱ्यांना पैसे देण्याआधी हे लक्षात घ्या. आज त्या निकालावरून तुमचं औषध ठरत नाही.

एवढं समजलं की दोन गोष्टी आपोआप स्पष्ट होतात. जिवाणू मारत सुटणं हा या आजाराचा इलाज नाही. अँटिबायोटिक्सना इथे जागा आहे, पण ती गळू, भगंदर, खरा संसर्ग अशा ठरावीक वेळी. आणि दुसरी, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला: लक्षणं थांबली म्हणजे अस्तर भरून आलं असं नाही. रक्त थांबतं, भूक लागते, माणूस गोळ्या सोडतो. आत गजर चालूच असतो. काही महिन्यांनी आजार उसळतो तेव्हा पुन्हा स्टिरॉइड घ्यावं लागतं, आणि क्रोन्स असेल तर दरवेळी भिंतीत नवा वण पडत जातो. म्हणून आज जगभरचे तज्ज्ञ उपचाराचं ध्येय म्हणून अस्तर भरून येण्याकडे बघतात, नुसतं बरं वाटण्याकडे नाही.

अस्तराची बातमी काढायचा सोपा मार्ग म्हणजे शौचातल्या कॅलप्रोटेक्टिनची चाचणी. त्या धावून आलेल्या न्यूट्रोफिलच्या पोटात हे प्रथिन असतं. जिवाणूंना लागणारं जस्त आणि मँगनीज ते अडवून धरतं. जितके न्यूट्रोफिल आतड्यात उतरले तितकं ते शौचात सापडतं. साधारणपणे ५० च्या खाली आकडा असेल तर सूज असण्याची शक्यता कमी, २५० च्या वर असेल तर सूज चालू आहे, मधला असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा बघायचं. नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या शौचाचा द्या आणि दरवेळी एकाच लॅबमध्ये द्या, म्हणजे आकड्यांची तुलना होते. त्याच सुमारास जुलाबाचा संसर्ग झाला असेल किंवा अंगदुखीच्या गोळ्या घेतल्या असतील तर सांगा, दोन्हींनी आकडा फुगतो. कोलोनोस्कोपी टळत नाही, पण दर वेळी करावी लागत नाही, हा या चाचणीचा मोठा फायदा.

आपल्या भागात एक प्रश्न पाश्चात्त्य पुस्तकांपेक्षा फार मोठा आहे: क्रोन्स की आतड्याचा टीबी? दोन्ही लहान आतड्याच्या त्याच टोकाला बसतात, दोन्हींत ताप, वजन घटणं, पोटदुखी, व्रण. बायोप्सीत टीबीचे जंतू किंवा ठळक खूण मिळाली तर प्रश्न मिटतो, पण पुष्कळदा मिळत नाही. बायोप्सीचा एक तुकडा जीनएक्स्पर्ट आणि कल्चरसाठी गेला का, ते आवर्जून विचारा. मुंबई परिसरात औषधांना न जुमानणारा टीबीही आहे. तरीही निदान लागलं नाही तर डॉक्टर टीबीची औषधं सुरू करून बघतात. यात गैर काही नाही. चूक होते ती पुढे. टीबीच्या गोळ्यांवर क्रोन्सच्या रुग्णालाही थोडं बरं वाटू शकतं आणि त्या भरवशावर महिनेच्या महिने कोर्स चालत राहतो. दोन महिन्यांच्या सुमारास पुन्हा कोलोनोस्कोपी करून व्रण भरायला लागलेत का ते पाहायचं असतं. ती तारीख सुरुवातीलाच ठरवून घ्या. व्रण तसेच असतील तर निदान नव्याने तपासावं लागेल. क्रोन्सचे उपचार लांबले तर आतडं अरुंद होत जातं.

टीबी आणखी एका वळणावर भेटतो. इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब ही इंजेक्शनं टीएनएफला अडवतात, म्हणून सैल सांधे पुन्हा घट्ट होऊन अस्तर भरायला मदत होते. पण अंगात दबून बसलेल्या टीबीला कोंडून ठेवण्याचं कामही टीएनएफच करत असतं. म्हणून छातीचा एक्स-रे आणि मँटू किंवा इग्रा चाचणी झाल्याशिवाय पहिला डोस घेऊ नका, आणि नंतर कधीही आठवडाभर ताप-खोकला राहिला तर पुढच्या डोसआधी कळवा. अडालिमुमॅबची भारतीय आवृत्ती झायडसने २०१४ च्या अखेरीस आणली आणि तेव्हापासून खर्च पुष्कळ खाली आला आहे. किंमत ऐकून उपचार सोडण्याआधी अशा आवृत्तीबद्दल, म्हणजे बायोसिमिलरबद्दल, विचारा. केईएम, सायन, नायर आणि जेजे इथे पोटविकारांचे स्वतंत्र विभाग आहेत. वाशी-नेरुळात निदान होऊनही खर्च झेपत नसेल तर रिपोर्टांची फाइल घेऊन तिथे जाण्यात कमीपणा नाही.

बाकी औषधांचं थोडक्यात. कोलायटिसमध्ये मेसालामाइन हा पाया. आजार गुदाशयापुरता असेल तर तोंडावाटे घ्यायच्या गोळीपेक्षा सपोझिटरी किंवा एनिमा अधिक चांगलं काम करतो, कारण औषध थेट त्या अस्तरावर पडतं. लाज वाटते म्हणून लोक ते टाळतात आणि मग विनाकारण स्टिरॉइडपर्यंत जातात. स्टिरॉइड आग विझवायला, रोजच्यासाठी नाही. आणि अचानक तर कधीच बंद करायचं नाही. अझाथायोप्रिन सुरू झालं की पहिल्या दोन महिन्यांत रक्तातल्या पेशींची मोजणी वारंवार करा. आपल्याकडे नडटी-१५ या जनुकातल्या बदलामुळे काहींच्या पांढऱ्या पेशी वेगाने घसरतात, केस गळणं ही त्याची आधी दिसणारी खूण. डोकेदुखी, कंबरदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, पॅरासिटामॉल घ्या. कुटजारिष्ट, बेल, हळद घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका आणि त्यांच्या जोरावर मूळ औषध थांबवू नका.

जेवणाबद्दल सगळ्यांत जास्त प्रश्न येतात. उसळलेल्या आजारात पेज, मऊ भात, सालीविना मुगाचं वरण, उकडलेला बटाटा, अंडं, बिनतिखट मासा. भाकरी-उसळ चार दिवस थांबेल. दूध सोसत नसेल तर सोडा, ताक-दही पुष्कळांना चालतं. पण आजार शांत झाल्यावरही वर्षानुवर्षं वरण-भातावरच राहणारे लोक असतात, ते चूक. ब्युटिरेट बनवणाऱ्या जिवाणूंना चोथा हवा. नाचणीची आंबील, शिजवलेल्या भाज्या, केळं, पपई, ओट्स, मग हळूहळू डाळी, एकेक करून वाढवा. आतडं अरुंद झालं असेल तर वेगळा नियम: मक्याचे दाणे, फणस, शेवग्याच्या शेंगांचा चोथा, कच्च्या कोशिंबिरी, बियांची फळं टाळा, नाहीतर आतडं तुंबू शकतं.

पाकिटावरची घटकांची यादी वाचायची सवय लावा. आयएनएस ४६६ म्हणजे कार्बोक्झिमिथाइल सेल्युलोज, आयएनएस ४३३ म्हणजे पॉलिसॉर्बेट ८०. आइस्क्रीम, केक, सॉस यांत ते सापडतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत यांच्यामुळे उंदरांच्या आतड्यातला श्लेष्मा विरळ झाला आणि जिवाणू पेशींच्या जवळ सरकले. पहिल्याचा निरोगी माणसांवर प्रयोग झाला तेव्हा काहींत तसंच दिसलं. हे पदार्थच आजार घडवतात असं कोणी सिद्ध केलेलं नाही, पण सोडून नुकसान काही नाही. वाशीच्या मार्केटात रोज ताजी भाजी येणाऱ्या शहरात पाकिटावर जगायची वेळही नाही.

आहार आणि आतड्यातले जिवाणू यांवरचं आपल्या देशातलं सर्वांत आश्वासक काम एम्सचं. सौम्य ते मध्यम कोलायटिसच्या ६६ रुग्णांच्या चाचणीत निरोगी दात्यांच्या शौचातले जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडणं आणि प्रक्रिया केलेलं अन्न, साखर, गहू, दूध टाळणारा आहार यांची जोड नेहमीच्या उपचारांहून सरस ठरली. ते २०२२ साली ‘गट’ या नियतकालिकात आलं. हा उपचार दाते तपासून, रुग्णालयातच होतो. घरी कोणी करू नये; त्यातून जीवघेणा संसर्ग होऊ शकतो. प्रोबायोटिकच्या पुड्यांपैकी कोलायटिसमध्ये काही ठरावीक मिश्रणांना थोडा आधार आहे, क्रोन्समध्ये जवळजवळ नाही.

रोजचं जगणं हा वेगळाच विषय. हार्बरच्या लोकलमध्ये शौचालय नाही आणि पनवेलहून सीएसएमटीला सव्वा तासावर लागतो. कळ थांबत नाही त्या दिवसांत हा प्रवास म्हणजे शिक्षा. वाटेतल्या कुठल्या स्टेशनवर शौचालय कुठल्या बाजूला आहे हे एकदा सुट्टीच्या दिवशी पाहून ठेवा, बॅगेत कपड्यांचा जोड आणि दिवसाचं औषध ठेवा, ऑफिसात एका तरी माणसाला आजार सांगा आणि आजार उसळलेला असताना घरून काम मिळावं असं डॉक्टरांचं पत्र घ्या. पावसाळ्यात उघड्यावरचं पाणी, बर्फ, चिरलेली फळं नकोत. जुलाब वाढले की ‘आजारच वाढला’ असं गृहीत धरू नका, आधी शौचाची तपासणी, त्यात क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलही. सिगारेट क्रोन्स बिघडवते, ती सुटलीच पाहिजे.

दिवसात सहा किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच आणि त्यासोबत ताप, नाडी नव्वदच्या वर किंवा हिमोग्लोबिन साडेदहाच्या खाली, यांतलं एक जरी असलं तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखल व्हायचं. पोट फुगून वारा सरेनासा झाला, उलट्या लागल्या, तरी तेच. रात्र काढून सकाळी बघू म्हणू नका. मोठ्या आतड्याला आजार असलेल्यांनी निदानापासून आठ वर्षांनी कर्करोगाच्या दृष्टीने कोलोनोस्कोपी सुरू करायची, लक्षणं असोत वा नसोत.

लग्नाचं, मुलाबाळांचं घरात कुजबुजत विचारलं जातं, म्हणून उघडपणे लिहिते. आयबीडी असलेल्या बाईला मूल होऊ शकतं. आजार तीन ते सहा महिने शांत असताना दिवस राहिले तर गरोदरपण बहुधा नीट पार पडतं. मेसालामाइन, अझाथायोप्रिन चालू ठेवता येतात. मेथोट्रेक्सेट मात्र काही महिने आधीच बंद करावं लागतं आणि टोफासिटिनिबही चालत नाही. गरोदरपणात इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅब चालू असेल तर ते वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि काही महिने त्याच्या रक्तात राहतं. आपल्याकडे बाळाला जन्मताच बीसीजी टोचतात आणि ती जिवंत जंतूंची लस आहे. अशा बाळाला ती किमान सहा महिने द्यायची नसते. प्रसूतीच्या तारखेआधीच बालरोगतज्ज्ञांना हे सांगा आणि प्रसूतिगृहाच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या: बीसीजी देऊ नये.